कॉक्सच्या जागेवरून

माफ करणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत. ती एक तर विसरभोळी असतात, नाहीतर त्यांना काही लागलेलंच नसतं. माझा स्वभाव डूख धरणारा. आई म्हणायची, याला चौथीत कुणी ढकललं ते हा म्हातारपणीही सांगेल. ज्याने ढकललं त्याचं आता सिन्नरला टायरचं दुकान आहे, आणि मी आजवर त्याच्याकडून स्कूटरची साधी ट्यूबसुद्धा घेतलेली नाही. तेव्हा ज्या माणसाने भर मांडवात आमच्या गळ्यातली पदकं उतरवायला लावली त्याला मी सोडीन, असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यालाही वाटायला नको होतं, कारण तो मला चांगला ओळखत होता.

नव्वदच्या दशकात आमच्या चौघांच्या बोटीचा तो म्होरक्या होता. आम्ही नोकरी-धंदा, बायका-मुलं सांभाळून सकाळी सहाला नदीवर जमणारी माणसं. मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. बाकी एक वकील, एक शाळामास्तर आणि तो. रोइंग करतो म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे होडी चालवता? कुठल्या घाटावर?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की आमच्या बोटीत चौघांच्या हातात एकेक लांब वल्हं असतं आणि चौघंही जायच्या दिशेकडे पाठ करून बसतात. सगळ्यात मागे, शेपटाकडे, पाचवं माणूस बसतं ते कॉक्स. त्याचं तोंड पुढे, हातात सुकाणूच्या दोन दोऱ्या. कॉक्सच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा जो बसतो तो स्ट्रोक. बाकीचे तिघं त्याच्या लयीवर वल्हवतात. तो आमचा स्ट्रोक होता.

वल्हवून झालं की काठावरच्या टपरीवर चहा आणि गप्पा. तिथेच मास्तरांनी एकदा आपल्या वयाची गोष्ट सांगितली. मास्तर हरसूलकडचे, डोंगरातल्या भातशेतीवाल्या घरातले. त्यांच्या लहानपणी शाळेत घालताना मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे. हात कानाला पोचला तर पोरगं सहा वर्षांचं झालं, नाहीतर जा घरी. मास्तर अंगाने बारके. त्यांचा हात काही कानाला पोचेना. दोन वर्षं त्यांना गुरुजींनी परत पाठवलं. तिसऱ्या वर्षी पोचला तेव्हा ते आठ वर्षांचे होते, आणि गुरुजींनी दाखल्यावर लिहिलं सहा. जन्मतारीख एक जून, वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच. आम्ही पोट धरधरून हसलो होतो. मास्तरांना तिथेच उभं करून हात डोक्यावरून कानाला लावायला लावला होता, आणि लावायला लावणारा तोच होता.

पुढे त्याला बढती मिळाली आणि तो पुण्याला गेला. जाताना मी त्याला घरी जेवायला बोलावलं, माझ्या बायकोने त्याच्यासाठी मांडे केले. स्ट्रोकच्या जागी मी आलो. माझ्या जागी ओझरकडचे एक द्राक्षबागाईतदार आले. त्यांच्या हातात एवढा जोर होता की पहिल्याच आठवड्यात त्यांनी वल्ह्याची खुंटी वाकवली. कॉक्स म्हणून एका बँकेतल्या बाई यायच्या. कॉक्सचं वजन किमान पंचावन्न किलो लागतं आणि बाई होत्या पन्नासच्या. मग त्या शर्यतीला पाच किलो बाजरीची पिशवी पायाशी घेऊन बसायच्या आणि शर्यत झाली की ती पिशवी घरी नेऊन दळून आणायच्या.

दोन हजार साल उलटून गेल्यावर पुण्याच्या रेगाटात, म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतींच्या मेळ्यात, पहिल्यांदा प्रौढांची शर्यत ठेवली. नियम असा की चौघा वल्हवणाऱ्यांच्या वयाची सरासरी निदान पंचेचाळीस हवी. फॉर्म मी भरत होतो. माझं त्रेचाळीस, बागाईतदारांचं चव्वेचाळीस, वकिलांचं सेहेचाळीस. मास्तरांचं दाखल्यावरचं पंचेचाळीस, खरं सत्तेचाळीस. दाखला धरला तर आम्ही अर्ध्या वर्षाने कमी पडत होतो.

मास्तर म्हणाले, "कागद मागणार असतील तर कागदावरचंच लिहा. पुढच्या वर्षी जाऊ."

मी म्हणालो, "अहो, खरं वय लिहायला कसली भीती? आपण काय चोऱ्या करतोय का?" आणि सत्तेचाळीस लिहिलं. हे मी आज एका दमात सांगतोय, मधली बरीच वर्षं सांगत नव्हतो.

शर्यत आम्ही जिंकली. तो पुण्याच्या बोटीत स्ट्रोकला होता आणि ते दुसरे आले. मांडवात पदकं गळ्यात पडली, बागाईतदारांनी गावाकडून आणलेली माणसं शिट्ट्या वाजवत होती, मास्तरांच्या बायको नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तेवढ्यात तो उठून पंचांच्या टेबलाशी गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण पंच मास्तरांकडे बघायला लागले. शाळेचा दाखला मागितला. तो पिशवीत होताच, मास्तर कुठेही जाताना सगळे कागद घेऊन जाणारे. पाच मिनिटांत माइकवर जाहीर झालं की नाशिकच्या संघाने एका स्पर्धकाचं वय वाढवून सांगितल्यामुळे त्यांना बाद करण्यात येत आहे. मागून कुणीतरी ओरडलं, "वय चोरणारे पाहिले होते, वाढवणारे आजच पाहिले!" सगळा मांडव हसला. मास्तरांनी आपलं पदक आपल्याच हाताने काढलं, रिबिनीची नीट घडी केली आणि टेबलावर ठेवलं.

मी त्याला बाहेर गाठला. "तुला माहीत होतं ते खरं आहे. तू ते आमच्या चहावर बसून ऐकलंस."

तो हसला. "अरे, नियम म्हणजे नियम. मनावर घेऊ नकोस."

मनावर घेऊ नकोस! या तीन शब्दांनी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती पुढली दोन वर्षं उतरली नाही.

मास्तरांचं तेवढ्यावर भागलं नाही. कुणीतरी त्यांच्या खात्यात निनावी अर्ज टाकला की या शिक्षकाचं खरं वय जास्त आहे. तीन खेटे घातल्यावर त्यांना लेखी द्यावं लागलं की शाळेच्या दाखल्यावरचंच वय बरोबर, खेळाच्या फॉर्मवर मी खोटं सांगितलं. आयुष्यात ज्या माणसाने कधी हजेरीच्या वहीत खाडाखोड केली नाही त्याने खऱ्याला खोटं म्हणून सही केली. शिक्षकांच्या खोलीत विचारायचे, "मग सर, आज किती वर्षांचे?" मास्तर मला यातलं काही सांगत नसत, वकिलांकडून कळायचं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, माझा राग थोडा वाटला गेला असता. ते बोलले नाहीत म्हणून मी तो सगळाच्या सगळा त्याच्यावर ठेवला.

मी मनाशी ठरवलं की त्याला पाण्यावर हरवायचं, नाशिकला हरवायचं आणि मास्तरांच्या गळ्यात पदक घालायचं. एवढ्यावर थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो. पण मला त्याचा चेहरा बघायचा होता. हरत असताना, हरतोय हे कळत असताना, त्याच क्षणी.

आणि इथे आमच्या खेळाची खोड आडवी येते. वल्हवणाऱ्याला ज्याला हरवलं त्याचा चेहरा दिसतच नाही. पुढे गेलो की दिसते ती त्याची पाठ, कारण तोही आपल्यासारखाच उलटा बसलेला. कुस्तीत, कबड्डीत समोरच्याचं तोंड दिसतं. आमच्यात जिंकणाऱ्याला पाठीच दिसतात. चेहरे दिसतात ते एकट्या कॉक्सला. मागून गाठत जाणाऱ्या बोटीच्या कॉक्सला तर पुढच्या स्ट्रोकचा चेहरा अगदी समोर, हळूहळू मोठा होत येताना दिसतो. हे माझ्या एक दिवस टूलरूममध्ये लेथवर काम करताना लक्षात आलं आणि मी मशीन बंद करून तसाच उभा राहिलो.

मी कॉक्स व्हायचं ठरवलं. माझं वजन होतं चौऱ्याहत्तर किलो.

घरी सांगितलं की डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. क्लबात सांगितलं की मणक्यात गॅप आलाय, वल्हवायला मनाई आहे, पण बोट सोडवत नाही, कॉक्स म्हणून बसेन. दोन्ही थापा. आठ महिने मी एक भाकरी, पालेभाजी आणि ताक यांवर काढले. कारखान्याच्या कँटीनमध्ये बुधवारी मिसळ असायची, त्या दिवशी मी मशीनपाशीच बसायचो. पोटात कावळे ओरडले की मी त्याचं "मनावर घेऊ नकोस" आठवायचो आणि भूक मरायची. दिवाळीत बायकोने अनारसे केले, मी एकाला हात लावला नाही. ती रडली. तिला वाटलं मला मोठं काहीतरी झालंय आणि मी लपवतोय. तिने माझ्या नकळत माझे रिपोर्ट काढून घेण्यासाठी डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली. मला तिची दया आली, पण तिला खरं सांगावं एवढी नाही. अठ्ठावन्नवर आलो तेव्हा पँट्स घसरायला लागल्या आणि गल्लीतल्या वाण्याने विचारलं, "काय, गावाकडे कुणी गेलं का?"

बँकेतल्या बाईंना बाजूला व्हावं लागलं. सहा वर्षं त्यांनी एक सकाळ चुकवली नव्हती. त्यांनी सुकाणूच्या दोऱ्या माझ्या हातात दिल्या आणि विचारलं, "पाठ दुखते तर घरी बसतात माणसं. तुम्हाला इथं बसून काय बघायचंय?"

"काय बघायचंय? बोट बघायचीय," मी म्हणालो.

"बोटच बघा मग," त्या म्हणाल्या.

माझ्या जागी स्ट्रोकला एक हवालदार आले. पोलीस खात्याच्या बोटींवर तयार झालेला माणूस, लय घड्याळासारखी. खरं सांगायचं तर ती बोट माझ्या वेळेपेक्षा जास्त पळायला लागली. बागाईतदार खूश होते. "आता लय भारी चालतीया," म्हणायचे, "पुणेकरांना काय दमच राहनार नाय." मास्तर सगळ्यात पुढे, टोकाला बसायचे, माझ्यापासून सगळ्यात लांब. त्यांच्या पाठीवरचा घाम उन्हात चकाकताना मला दिसायचा नाही, मधल्या तिघांच्या डोक्यांमधून फक्त त्यांचं टक्कल दिसायचं. या वेळी सगळ्यांची वयं दाखल्याप्रमाणे लिहिली. सरासरी बसत होती. फॉर्म मास्तरांनी स्वतः भरला.

त्या वर्षीचा रेगाटा आपल्याकडेच, गंगापूर धरणाच्या पाण्यावर होता. जानेवारीचं कोवळं ऊन, वारा नाही, पाणी ताटासारखं सपाट. मास्तरांच्या शाळेतले दोन शिक्षक आले होते, तेच ते वय विचारणारे. मास्तरांच्या बायको या खेपेला आल्या नव्हत्या. मी सकाळपासून त्याला टाळत होतो. त्याची बोट उतरवताना मी शेडच्या मागे उभा राहिलो. मला त्याने पाण्यावरच बघावं अशी इच्छा होती. ती पहिली नजर मी दोन वर्षं राखून ठेवली होती.

शर्यत एक हजार मीटरची. माझ्या डाव्या हाताला त्यांची रांग. रांगा वेगळ्या ठेवायला दोरीला बांधलेले रिकामे प्लॅस्टिकचे कॅन होते, दर शंभर पावलांवर एक. त्यांनी सुरुवात जोरात केली आणि अर्ध्या बोटीने पुढे गेले. मला तेच हवं होतं. मी चौघांना मुद्दाम आवरून धरलं. "अजून नाही, अजून नाही," म्हणत राहिलो, म्हणजे तो पुढे राहील आणि त्याचं तोंड माझ्याकडे राहील.

अर्धं अंतर संपल्यावर मी ओरडलो, "आता!" आणि हवालदारांनी लय वाढवली. बोट पाण्यावरून उचलल्यासारखी झाली. प्रत्येक वल्ह्याला आम्ही हातभर जवळ जात होतो. तो दिसायला लागला. आधी टोपी, मग खांदे, मग तोंड. तोंड उघडं होतं, ओठ पांढरे, मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या तट्ट. तो वाकायचा, मागे जायचा, वाकायचा. मी ओठात हसत होतो. मला एवढा आनंद त्याआधी कधी झाला नव्हता आणि त्यानंतरही नाही, हे मी लाजत लाजत पण सांगून टाकतो. बघ, मी म्हणत होतो, वर मान कर आणि बघ माझ्याकडे.

सायकल शिकताना खड्ड्याकडे बघत राहिलं की चाक खड्ड्यातच जातं. कॉक्सचंही तसंच. तो जिकडे बघतो तिकडे त्याचा हात नकळत दोरी ओढतो. पंचांची मोटारबोट मागून येत होती. त्यातून कुणीतरी "नाशिक! नाशिक!" म्हणून ओरडलं. मला वाटलं आम्हाला चेव देतायत. मी मान वळवली तर पांढरं निशाण उजवीकडे झुकवलेलं, म्हणजे उजवीकडे घ्या. मला ते दिसलं. ते काय सांगतं हेही कळलं. पण त्याच वेळी त्याने मान वर केली. अजून एक वल्हं, मी म्हटलं. एकच.

प्लॅस्टिकचा कॅन आमच्या बोटीखाली गेल्याचा आवाज आला. मग बागाईतदारांचं वल्हं पुणेकरांच्या वल्ह्यावर बसलं. हातातून सुटून त्याचा दांडा त्यांच्या बरगडीत गेला आणि आमची बोट अख्खी कलली. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. तो सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता.

"अहो, बघताय कुठं?" तो ओरडला. "तुमची बाजू धरा की!"

अहो. पंधरा वर्षं अरे-तुरे केलेल्या माणसाला अहो! त्याने मला ओळखलंच नव्हतं. सोळा किलो उतरवून, गालफडं बसलेला, टोपी घातलेला कुणी एक कॉक्स त्याच्या वाटेत आला होता, एवढंच. मी माझं नाव ओरडून सांगायला तोंड उघडलं आणि तोवर पंचांचं लाल निशाण वर गेलं. आम्ही बाद.

आम्ही काठाला लागलो तोवर पुणेकरांनी शर्यत पुरी केली होती. जिंकलेल्या संघाने आपल्या कॉक्सला पाण्यात फेकायची रीत आहे. त्यांनी आपल्या पोराला हातापायाला धरून झुलवून पाण्यात टाकला, आणि टाकणाऱ्यांत तोच सगळ्यांत मोठ्याने हसत होता. बागाईतदार बरगडी धरून बसले होते. "तुमाला दिसत नव्हतं का हो?" एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं. वकील आणि हवालदार बोट उलटी करून शेडकडे घेऊन गेले. शाळेतले ते दोघं शिक्षक मास्तरांशी काहीतरी बोलले, हसले आणि निघून गेले.

मास्तर पाण्याच्या कडेला उभे होते. मी त्यांच्याजवळ गेलो.

"निशाण दिसलं नाही का?" त्यांनी विचारलं.

"दिसलं."

"मग?"

मी सगळं सांगितलं. मणक्यात काही नाही, मी आठ महिने उपाशी कशासाठी राहिलो, सुरुवातीला बोट आवरून का धरली, त्याचा चेहरा. मला वाटत होतं की मास्तरांना तरी हे समजेल, कारण हे सगळं मी त्यांच्यासाठीच केलं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो होतो. सांगता सांगताच मला ऐकू आलं की त्यात मास्तर कुठेच नव्हते.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग ओला बनियन काढून पिळला. पाणी त्यांच्या पायावर गळत राहिलं.

"आम्ही चौघं पाठ करून बसतो," ते म्हणाले. "कुठं चाललोय ते आम्हाला दिसत नाही. तुम्ही म्हणालात आवरा, आवरलं. तुम्ही म्हणालात आता, तेव्हा जीव काढला." बनियन झटकून म्हणाले, "त्याने निदान नियम दाखवला होता."

मी त्यांचं वल्हं उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या," मास्तर म्हणाले, आणि ते खांद्यावर घेऊन शेडकडे चालू लागले.